मराठीचा तास आणि चाळीस दिवसांचा पाऊस

आमच्या बॅचचे बाकीचे लोक या स्मरणिकेत गॅदरिंग, सहली आणि पीटीच्या सरांची शिट्टी यांवर लिहिणार, हे मला ठाऊक आहे. मी एका अमेरिकन रॉक गाण्यावर लिहितोय. शाळेत ते कधी वाजलं नाही, पण मला कळलं ते मात्र आपल्या शाळेच्या बाकावरच.

१९९७ साली मी नववीत होतो. कुवेतहून सुट्टीवर आलेल्या मामाने ‘जार्स ऑफ क्ले’ या बँडची कॅसेट आणली. बँडचं नाव बायबलमधल्या, संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या मातीच्या भांड्यांवरून घेतलेलं. इलिनॉयमधल्या ग्रीनव्हिल कॉलेजची ही पोरं शिक्षण अर्धवट सोडून नॅशव्हिलला गेली आणि १९९५ मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला. त्यातलं ‘फ्लड’ हे ते गाणं. चर्चशी काही देणंघेणं नसलेल्या रेडिओ स्टेशनांनीही ते उचलून धरलं आणि लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत ते ३७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. हे सगळं मला फार नंतर समजलं. तेव्हा हातात होती ती फक्त कॅसेट आणि तिच्या घडीच्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं.

रॉक म्हटल्यावर मी इलेक्ट्रिक गिटारच्या कल्लोळाची वाट बघत होतो. निघाली साधी ॲकॉस्टिक गिटार, पण अशी घाईघाईने झोडपलेली, की जून महिन्यात आमच्या वसईच्या पत्र्यावर सर कोसळावी. मध्येच सगळं मंदावतं, व्हायोलिनं येतात, दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळून हळू गातात, आणि पुन्हा धो धो. (गाण्याचा निर्माता होता ‘किंग क्रिम्झन’ या रॉक बँडमधला गिटारवाला एड्रियन बेल्यू. तो वाकबगार हात ऐकू येतो.) विषय बायबलातल्या नोहाच्या, चाळीस दिवसांच्या पावसाने आलेल्या जलप्रलयाचा, पण बोलणारा नोहाच्या तारवात, म्हणजे त्या जहाजात, बसलेला नाही. तो पाण्यात आहे. पाय जमिनीला लागत नाहीत, चाळीस दिवसांनंतरही पोहणं जमलं नाही तर मला वर उचल, असं तो देवाला ओरडून सांगतो. देवाने उचललं की नाही, ते गाणं संपेपर्यंत कळत नाही. पुढे मी ख्रिस्ती रॉक बरंच ऐकलं. त्यातलं पुष्कळसं मला अळणी वाटतं. दुसऱ्या कडव्यात सगळ्यांची दुःखं मिटलेली असतात.

घरी मात्र अडचण झाली. मी चर्चच्या गायनवृंदात होतो आणि आमची गाणी बहुतेक आभाराची. आजीने दोनदा ऐकून घेतलं आणि विचारलं, “अरे, ही कसली प्रार्थना? देवाच्या अंगावर ओरडायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच सुमारास वर्गात नामदेव निघाला. पतितपावन म्हणतात तुला म्हणून दारी आलो, तू तसा नसशील तर हा चाललो परत, असं तो विठ्ठलाला तोंडावर सुनावतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “बाई, देवाला असं बोललेलं चालतं?” बाईंनी खडू खाली ठेवला. “तू घरी आईशी भांडत नाहीस? शेजारणीशी भांडतोस का कधी?” वर्ग हसला. मी हसलो नाही, मला कॅसेट आठवली.

मधल्या सुट्टीत बाईंना गाण्याबद्दल सांगितलं. त्यांनी शब्द लिहून आणायला लावले, दुसऱ्या दिवशी पेन्सिलने खुणा करत सावकाश वाचले, आणि म्हणाल्या, “तुमच्या बायबलात कुणी असं भांडलं नाही, असं होणार नाही. शोध.” शोधायला फार लांब जावं लागलं नाही. स्तोत्र ६९ उघडतंच तिथून: पाणी गळ्याशी आलंय, चिखलात रुतत चाललोय, पाय टेकायला जागा नाही.

ते मी आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून पान स्वतः पाहिलं, खात्री करून घेतली. मग म्हणाली, “बरं. ओरडू दे त्याला. पण संध्याकाळच्या रोझरीनंतर.”