सादळणं

चिवड्याच्या डब्याचं झाकण रात्रभर उघडं राहिलं. बाहेर आषाढातला पाऊस. सकाळी आईने चिमूटभर चिवडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि निकाल दिला, "सादळला."

गुन्हेगार मीच होतो, पण त्या क्षणी मला त्या शब्दाचंच कौतुक वाटत होतं. मी प्लास्टिकच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. आईने दोन चाव्यांत उरकलेलं काम करायला आमच्याकडे एक महागडं यंत्र आहे. पाच-दहा मिलिग्रॅमचा कपटा ॲल्युमिनियमच्या इवल्याशा डबीत बंद करायचा, मिनिटाला १० अंशांनी तापवत न्यायचा आणि पडद्यावरच्या रेषेत एक बारीकशी पायरी शोधायची. तापवण्याचा वेग बदलला की पायरीही थोडी सरकते, इतकी ती लहरी. ती जिथे सापडते ते काचसंक्रमण तापमान. हा शब्द उच्चारला की पाहुणे विषय बदलतात, म्हणून आम्ही आपसात नुसतं 'टीजी' म्हणतो.

कोरडी शेवई वाकवली की कटकन मोडते. भिजली की बोटाला गुंडाळता येते. पिठातला स्टार्च, बादलीचं प्लास्टिक, टायरचं रबर, आतून सगळा लांबच लांब रेणूंचा गुंता. टीजीच्या खाली या साखळ्या जागच्या जागी थरथरतात, पण त्यांना कूस बदलता येत नाही. जोर लावला की तडा, काचेसारखा. टीजी ओलांडला की साखळ्यांचे तुकडे सरकू-वळू लागतात आणि वस्तू लवचीक होते. वितळत नाही हं. बर्फाचं पाणी होतं तसं इथे काही होत नाही. गुंता तसाच राहतो, फक्त त्याला हलायची मुभा मिळते.

त्यामुळे 'ही वस्तू कडक, ती मऊ' असं कुणी म्हणालं की मी मनात विचारतो, किती अंशांना? आमच्या फ्रीजरमधून मटारचा डबा काढताना हातातून निसटला आणि त्याचा कोपराच उडाला. एरवी तो डबा ओट्यावरून कितीदा पडला असेल! पण त्याचं पॉलीप्रॉपिलीन शून्याच्या जरासंच खाली काचेसारखं होतं, आणि फ्रीजरमध्ये असतात उणे १८. शेजारी दुधाची पिशवी गोठलेली होती. आतलं दूध दगड, पिशवी मात्र मऊच. ती पॉलिथिनची, तिचा टीजी उणे १०० च्याही खाली मानतात. पाण्याच्या बाटलीचं पेट प्लास्टिक ७०-८० अंशांना शरण येतं, म्हणून तिच्यात उकळतं पाणी ओतलं की ती आक्रसून वेडीवाकडी होते.

पण चिवडा तर खोलीतच होता, मग त्याला काय झालं? खोली तशीच राहिली, टीजी घसरला. पूर्ण कोरड्या स्टार्चचा टीजी २०० अंशांच्या वर असावा असा हिशेब आहे. हिशेबच, कारण तिथवर पोचेतो तो करपतो. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना सैल करतात आणि हा आकडा भराभर खाली येतो. पावसाळी हवा रात्रभर हेच काम करत होती. स्कूटरच्या सीटचं याच्या उलट होतं. रेक्झिन मऊ राहावं म्हणून पीव्हीसीत तेलकट द्रव मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं ते उडत जातं आणि सीट तडकते. सादळण्याच्या उलट्या क्रियेला मराठीत काय म्हणावं, मला सुचलेलं नाही.

आई संक्रांतीला चिक्की करते तेव्हा शेजारी गार पाण्याची वाटी असते. उकळत्या गुळाचा थेंब वाटीत टाकायचा आणि बोटांनी दाबायचा. वाकला तर पाक कच्चा. पाणी अजून बरंच आहे, टीजी वाटीतल्या पाण्याच्या तापमानाच्या खाली. पुन्हा ढवळायचं, पुन्हा थेंब. एका क्षणी तो वाटीच्या कडेवर टण्ण वाजतो आणि दाबला की तुकडे होतात. गॅस लगेच बंद. आमच्या यंत्रापेक्षा ही वाटी फार मागे आहे असं मला वाटत नाही. फिलिप अँडरसन या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये लिहिलं होतं, की घनपदार्थांच्या सिद्धांतातला सगळ्यात खोल न सुटलेला प्रश्न बहुधा काच आणि काचसंक्रमणाचाच असावा. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "पाकाचं असंच असतं. नजर हटली की गेला."

तिने जाड बुडाची कढई मंद आचेवर ठेवून चिवडा परतायला घेतला. पाच मिनिटांनी मी घासभर उचलला. गरम होता आणि मऊच लागला.

"काही फरक नाही गं."

"निवू दे की आधी!"

बरोबर होतं तिचं. पाणी उडालं होतं, पण कढईतला चिवडा अजून टीजीच्या वरच होता. वर्तमानपत्रावर पसरून ठेवला. निवताना मी दर दोन मिनिटांनी चाचणी घेत राहिलो, आणि नीट कुरकुरीत झाला तेव्हा डब्यात भरायला जेमतेम वाटीभर उरला होता.