उणे चाळीसमधला हलवा

लेकीचं पहिलं बोरनहाण घरीच करायचं आणि हलव्याचे दागिनेही घरीच करायचे, हे मी दिवाळीतच ठरवलं होतं. पुण्याहून तयार दागिन्यांचा संच मागवता आला असता. पण सासूबाई वाईला दर पौषात स्वतःच्या हाताने हलवा करतात, आणि माझ्या नवऱ्याने लहानपणी तोच अंगावर घातला होता. नातीच्या गळ्यातही त्याच पद्धतीचा हलवा असावा असं मला फार वाटत होतं. गुडघ्यांमुळे त्यांना इतका लांबचा प्रवास झेपत नाही. मग मीच शिकायचं ठरलं, फोनवरून.

आम्ही कॅनडात, अल्बर्टातल्या एडमंटनला राहतो. २०२३-२४चा तो आमचा इथला चौथा हिवाळा. त्या वर्षी डिसेंबर नेहमीपेक्षा बराच उबदार गेला, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. जानेवारी २०२४चा दुसरा आठवडा उजाडला आणि पारा जो घसरला तो उणे चाळीसच्या खाली गेला. या आकड्याला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात. बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस गोठतात, श्वास घशात टोचतो. आमच्या पुढच्या दाराच्या बिजागरीवर आतल्या बाजूने बर्फ धरला होता. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर ब्लॉक हीटरची वायर लावून ठेवायची. हीटिंग अखंड चालू, त्यामुळे घरातली हवा इतकी कोरडी की लेकीचे ओठ फुटले होते.

सासूबाईंना मात्र आनंद झाला. म्हणाल्या, "थंडीत हलव्याला काटा चांगला येतो. आम्ही पहाटे उठून करायचो. तुझ्याकडे तर चोवीस तास पहाट!"

गुरुवारी रात्री लेक झोपल्यावर मी सुरुवात केली. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. पाक उकळला की चमचाभर दूध घालायचं, वर येणारी मळी काढून टाकायची, दोन थेंब लिंबू पिळायचं. पाक एकतारीच्याही अलीकडचा ठेवायचा. परातीत कोमट केलेले तीळ घ्यायचे, चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. कोरडं झालं की पुढचा चमचा. सगळी विद्या एवढीच, पण ती हातात यायला हवी. पहिल्या रात्री मी घाई केली, आच जास्त ठेवली. साखरेची नुसती पिठी सुटून परातीच्या बुडाशी बसली आणि तीळ होते तसेच काळसर राहिले. शुक्रवारी आच कमी केली, पण आमच्या काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीचा सर्वांत कमी आकडासुद्धा हलव्याला जास्तच होतो. ती पेटते, विझते, पुन्हा पेटते. हलव्याला हवी ती सलग, हाताला सोसेल एवढीच ऊब. दोन रात्री गेल्या आणि तिळाला पांढरा गुळगुळीत लेप आला. काटा एकही नव्हता. मला रडू यायचं बाकी होतं.

भारतात त्या वर्षी संक्रांत १५ जानेवारीला, सोमवारी होती. संक्रमणाची वेळ १५ तारखेच्या पहाटे २ वाजून ५४ मिनिटांची. आम्ही साडेबारा तास मागे. म्हणजे आमच्या घड्याळात सूर्य मकरेत जाणार होता रविवारी, १४ तारखेच्या दुपारी २ वाजून २४ मिनिटांनी. म्हणून भोगी आम्ही शनिवारी केली. न खाई भोगी तो सदा रोगी, हे लहानपणापासून कानावर पडलेलं, आणि ते वाक्य इतकं पटलेलं मला दुसऱ्या कुठल्या गावात आठवत नाही. मिल वुड्सच्या भारतीय दुकानातून वांगी, गाजर, फ्रोजन पावटा आणि सोललेले हरभरे आणले होते. दाण्याचं आणि तिळाचं कूट घालून भाजी केली. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापताना बाहेर पाहिलं, तर खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी खालून वर चढत निम्म्यापर्यंत आली होती.

बोरनहाणाच्या बोरांचीही अशीच तजवीज केली. ताजी बोरं इथे मिळत नाहीत. चिनी दुकानात सुकी लाल बोरं मिळतात, आपल्या बोरांच्याच जातकुळीतली. ती रात्रभर भिजवून घेतली.

शनिवारी संध्याकाळी मी पुन्हा परात मांडून बसले. पावणेसात वाजत आले असतील. आमचे दोन्ही फोन एकाच वेळी कर्कश वाजू लागले. सरकारी इशारा होता: थंडीमुळे विजेची मागणी फार वाढली आहे, आळीपाळीने वीज बंद करावी लागण्याची शक्यता आहे, ताबडतोब फक्त अत्यावश्यक वापर ठेवा. जादा दिवे बंद करा, ब्लॉक हीटर आत्ता लावू नका, शेगडीऐवजी मायक्रोवेव्ह वापरा.

आमच्याकडे घर तापतं नैसर्गिक वायूवर, पण ती गरम हवा घरभर फिरवणारा पंखा विजेवर चालतो. बाहेर उणे चाळीस असताना तो पंखा बंद पडला तर काय होईल, याचा विचार दोघांच्याही मनात एकाच क्षणी आला. नवऱ्याने एकेक दिवा बंद करत घरभर फेरी मारली, गाडीची वायर काढली. मी शेगडी बंद केली. अंधारात परात तशीच मांडीजवळ घेऊन बसले आणि सासूबाईंना फोन लावला. वाईला रविवारची सकाळ झाली होती, त्यांची भोगी सुरू झाली होती. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"आई, शेगडी बंद करावी लागली. आता नाही होणार हलवा."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे तरी कुठे होती शेगडी? राखेखाली झाकलेले निखारे असायचे. निरांजनं आहेत ना तुझ्याकडे? ती ठेव खाली."

केक गार करायची लोखंडी जाळी होती. चार स्टीलच्या वाट्या उपड्या घालून त्यावर ती जाळी ठेवली, जाळीवर परात आणि खाली पाच निरांजनं. फोन समोर उभा करून ठेवला. तिळावर चमचाभर पाक सोडला आणि बोटं फिरवायला लागले. निरांजनाची ऊब परातीच्या मधोमध लागत होती, कडेपर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे तीळ मध्ये आणायचे, कडेला सारायचे, पुन्हा मध्ये. सासूबाई तिकडून सांगत होत्या, "घासू नकोस, नुसतं गोंजार. थांब. आता सोड. नाही, अजून वाळला नाही."

किती वेळ गेला कळलं नाही. एका टप्प्यावर बोटांना काहीतरी वेगळं लागलं. आतापर्यंत गुळगुळीत लागणारा दाणा खरखरीत लागला. एक उचलून निरांजनापाशी धरला. साखरेचे सुईच्या टोकाएवढे खडे चारी बाजूंनी उभे राहिले होते, अर्धपारदर्शक, आणि प्रत्येक टोकावर ज्योतीचा एक बारीक ठिपका. हलव्याला काटा आला म्हणतात तो हा. माझ्याही अंगावर आला.

दोनेक तासांनी इशारा मागे घेतला गेला. लोकांनी खरोखरच घराघरांत दिवे बंद केले होते. काही मिनिटांतच मागणी सुमारे २०० मेगावॉटने उतरली आणि वीज कुठेही बंद करावी लागली नाही, असं नंतर वाचलं. आमच्या गल्लीत त्या रात्री खिडक्या काळोख्या होत्या आणि शेजारच्या पंजाबी आंटींच्या खिडकीत मात्र मेणबत्त्यांची ओळ होती. त्यांची लोहडीची शेकोटी थंडीने रद्द झाली होती. इशारा मागे घेतल्यावरही मी शेगडी लावली नाही. निरांजनांवरच पहाटे दोनपर्यंत हलवा केला. परातीच्या बुडाला जाड काजळी धरली, ती अजूनही पूर्ण गेलेली नाही.

रविवारी बारा घरांना आमंत्रण होतं. सकाळी एकेकाचे फोन येऊ लागले: कुणाची गाडी सुरू होत नव्हती, कुणाच्या नळाचं पाणी गोठलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, या वर्षी ती १६ फेब्रुवारीला आहे, तेव्हा घाई करू नका. आपल्या माणसांनी ही सवड रीतीतच ठेवलेली आहे, याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं. बोरनहाणही पुढे ढकलता आलं असतं. पण काळं झबलं शिवून तयार होतं, आणि रात्रभर जागून दोऱ्याच्या गाठींत बांधलेले मुकुट, हार, मनगट्या आणि कंबरपट्टा ताटात मांडलेले होते. चालत येण्यासारखी दोन घरं होती, तेवढ्यांनाच बोलावलं. पंजाबी आंटी दोन नातवंडांना आणि रेवड्यांची पिशवी घेऊन आल्या. मागच्या गल्लीतलं मराठी जोडपं मुलाला कोटाच्या आत छातीशी बांधून आलं.

येताना आंटी दारातच थांबल्या आणि वर बोट दाखवलं. इथे जानेवारीत सूर्य भर दुपारीही डोक्यावर येत नाही, समोरच्या छपरांच्या जरा वरून सरकतो. त्या दिवशी त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक सूर्य होता. हवेत तरंगणाऱ्या बर्फाच्या चपट्या कणांतून प्रकाश वाकला की असे प्रतिसूर्य दिसतात. सूर्याच्या संक्रमणाच्या दिवशी दारात तीन सूर्य. मी हळदीकुंकवाचं बोट तिघांच्याही दिशेने उडवलं.

लेक पाटावर बसली. मुकुट तिने लगेच काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. डोक्यावरून चुरमुरे, हरभरे, शेंगा, भिजवलेली बोरं आणि रेवड्या ओतल्या, आणि तिन्ही मुलं जमिनीवर तुटून पडली.

वाईला पहाटेचे तीन वाजायला आले होते. सासूबाई शाल पांघरून, स्वेटरवर कानटोपी घालून फोनसमोर बसल्या होत्या. मुलांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"तो हार जरा जवळ धर गं. अजून जवळ. उजेडात घे."

मी हार खिडकीपाशी नेला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, फोन डोळ्यांशी नेला. एकेक दाणा बघत राहिल्या.

"आलाय," त्या म्हणाल्या. "अगदी आपल्यासारखा आलाय."