सुताची भाकरी, सुताचा दोडका

११ जून

अंगणवाडीतल्या भातुकलीचा प्लास्टिकचा डबा आज कायमचा बंद केला. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी प्रेमानं दिलेला. आत पिझ्झ्याचे त्रिकोण, बर्गर, ब्रोकोली. बर्गरचा वरचा पाव मुलं वाटी म्हणून वापरायची आणि ब्रोकोलीचं झाड करून त्याखाली बैल बांधायची, तेवढं बरं होतं. पण आज तुटक्या सुरीची कड एका धाकटीच्या ओठाला लागली. रक्त थेंबभरच आलं, माझ्या मात्र पोटात गोळा आला. मदतनीस मावशींनी सगळं पोत्यात भरलं. भंगारवाला आला, पोत्यात हात घालून बघितलं आणि ‘असलं मिसळीचं चालत न्हाई’ म्हणून तिथंच टाकून गेला. पोतं अजून दाराशी पडून आहे.

रात्री आईची क्रोशाची सुई काढली. तिनं माझ्या रुखवतासाठी ताटावरचे रुमाल आणि तोरण याच सुईनं विणलं होतं. सुई बारीक, मुठीजवळ झिजून गुळगुळीत झालेली. आपल्या मुलांना भातुकली मीच विणून द्यावी, हे आज मनात पक्कं झालं. आणि तीत आपल्या चुलीवर शिजतं तेच असावं.

१४ जून

दुकानात लोकर मागितली की जी मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, म्हणजे प्लास्टिकचाच धागा. नाव लोकर असल्यानं आपण मेंढीशी नातं जोडतो. लहान मूल पहिल्यांदा तोंडात घालून बघतं, तर तिथं प्लास्टिक नको म्हणून मी हा सगळा घाट घातलाय.

आमच्या इचलकरंजी भागात सुताला काय तोटा! दिराच्या यंत्रमागावर गेले. पेटीत कांड्यांवर, म्हणजे धोट्यातल्या छोट्या रिळांवर, उरलेलं सूत, कोनाच्या बुडाला राहिलेले फेरे. माझी आई बारा वर्षं कांड्या भरत होती, त्यामुळं त्या पेटीचा वास लगेच ओळखीचा वाटला. पण हल्ली मागावर मिसळीचं सूतही खूप येतं. म्हणून प्रत्येक कांडीचा वीतभर धागा काढून पेटवून बघितला. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो, वासही जळक्या कागदाचा आणि बोटानं चोळली की राख विरून जाते. पॉलिस्टर असलं की धागा आखडतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. चौदा कांड्यांपैकी पाच बाद झाल्या.

सुईच्या मानानं सूत बारीक, २० नंबरचं. आठ पदर एकत्र केले तेव्हा कुठं सुईला धरवेल एवढा दोरा झाला. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला खळ असते, म्हणून ते धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून घेतलं. पाणी चहासारखं झालं.

१९ जून

पहिली भाकरी झाली.

मधोमध सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. प्रत्येक फेरीत सहाच वाढवायचे. कमी वाढवले की कडा उचलतात आणि वाटी होते. जास्त झाले की झालर सुटते. भाकरी थापताना हाताला जसं कळतं की आता कड फाटेल, तसं इथंही बोटांना कळू लागतं. वीस फेऱ्यांत पाच इंचांची भाकरी होते, म्हणजे १२६० टाके. मी दोन पदर केले, म्हणजे २५२०. दोन्हींची कड दोन तृतीयांश जोडली आणि बाकी मोकळी सोडली. कारण ज्वारीच्या भाकरीला पापुद्रा हवाच. रंगवायची गरजच पडली नाही, ब्लीच न केलेल्या सुताचा रंग ज्वारीचाच असतो.

सकाळी रिंगणात ठेवली. साडेतीन वर्षांचा एकजण आला, उचलली, दोन्ही हातांनी उलटी केली आणि काही न सांगता मोकळ्या कडेत बोट घालून पापुद्रा वर केला. मग चिमटीनं हवेतलं काहीतरी आत भरलं. मी विचारलं, “काय घातलंस रं?” म्हणाला, “चटणी.” मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. आज दिवसभर मला तेच आठवतंय.

२० जून

परसबागेत पपईच्या खाली वीतभर खड्डा केला. दोन चौकोनी तुकडे पुरले, एक आपल्या सुताचा, एक घरात जुन्या पडलेल्या गुलाबी ‘लोकरी’चा. दोन्ही चार-चार बोटांचे. वर काठी रोवून ठेवली. सप्टेंबरात बघायचं.

२ जुलै

रंगांचं काम मला विणण्यापेक्षा जास्त आवडू लागलंय. सुताला रंग तसा धरत नाही, आधी त्याला तुरट काहीतरी पाजावं लागतं. हिरडा कुटून रात्रभर भिजवला, त्या पाण्यात सूत मुरवलं, पिळून मग तुरटीच्या पाण्यात. त्यानंतर रंग.

कांदा कांद्याच्याच टरफलांनी रंगवला. पोषण आहाराच्या खिचडीसाठी रोज कांदा चिरतो, तर मावशी आठ दिवस टरफलं साठवत होत्या. तांबूस सोनेरी रंग आला, बाजारातल्या जुन्या कांद्यासारखा. टोमॅटोला काष्ठौषधीच्या दुकानातली मंजिष्ठा. दोडक्याला डाळिंबाची सालं आणि लोखंडाचं पाणी. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवले होते, त्याचे दोन पळी घातल्याबरोबर पिवळं सूत डोळ्यांदेखत मळकट हिरवं झालं. दोडका असतोच तसा. शिरा काढायला मुक्या खांबांची रांग मागच्या पाकळीतून घ्यावी लागते, मग पुढची पाकळी शिरेसारखी उठून दिसते. दहा शिरा.

वांग्याचा जांभळा मला साधला नाही. त्यासाठी रंगीत सुती गुंडीच विकत आणली.

९ जुलै

बेंदराचे मातीचे बैल मुलांनी केले. हातभर चिखल, कानाला, केसांना. दोन दिवस पूजेत राहतील आणि मग पुन्हा मातीत. आपल्याकडं खेळण्याचं मातीत जाणं किती साधं होतं! वडील एकदा आंबोली घाटानं सावंतवाडीला गेले होते, तिथल्या चितार आळीतून लाकडी फळांची परडी आणली. सीताफळ, केळं, पेरू, सगळं हुबेहूब. ती परडी आईनं काचेच्या कपाटात ठेवली. पाहुणे आले की दाखवायची, आम्ही हात लावायचा नाही. मी त्या सीताफळाकडं किती बघत बसायची! म्हणूनच मी विणलेल्या एकाही भाजीला ‘जपून’ हा शब्द लावायचा नाही असं मावशींना सांगितलं आहे.

१६ जुलै

लिंबाची गंमत लिहून ठेवलीच पाहिजे.

चार लिंबं हळदीनं रंगवली होती. सांगलीची हळद पेठ शेजारीच, घरात हळद किलोनं असते. हळदीचा रंग उन्हात उडतो हे ठाऊक होतं, पण लिंबू छोटं, पुन्हा रंगवता येईल असं म्हटलं. काल मावशींनी सगळी भातुकली साबणाच्या पावडरीत बुडवली. सकाळी लिंबं तांबडी! मावशींचा चेहरा पडला. मुलं मात्र जमली, “बाई, कुंकवाची लिंबं!” आणि त्यांनी म्हटलं ते अगदी खरं होतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, साबणातला सोडाही तेच करतो.

मग परसबागेतलं खरं लिंबू कापलं. प्रत्येकाला एक फोड दिली. एकानं तांबड्या लिंबावर पिळली तर थेंब पडला तिथं पिवळा ठिपका. मग दुसरा, तिसरा. बाविसाव्या मुलाची पाळी येईपर्यंत चारही लिंबं परत पिवळी झाली आणि खोलीभर लिंबाचा वास. शेवटी एकीनं कानाशी येऊन विचारलं, “बाई, खऱ्या लिंबानं खोट्या लिंबाला बरं केलं व्हय?” मी हो म्हटलं.

आता हळदीचं काही असेल तर रिठ्याच्या पाण्यात धुवायचं. बाकी साध्या सुताच्या भाकऱ्या सरळ उकळून काढते. मुलांची नाकं वाहत असतात, हातोहात ताप फिरतो, तेव्हा उकळता येणं फार मोलाचं आहे. ॲक्रिलिक उकळलं की ढिलं पडून आकार सोडतं.

२८ जुलै

पावसाची झड थांबेना. आत कापूस भरलेले टोमॅटो चार दिवस झाले तरी ओलेच, आणि आत गठ्ठे झालेले. एकाला बुरशीचा वास येऊ लागला. तो मी उसवला आणि मनाला लागलं. पॉलिस्टरचं भरण लगेच वाळतं, गठ्ठेही होत नाहीत, हे खरं आहे. पण मग बाहेरून सुती आणि आतून प्लास्टिक, तसं मला नको.

म्हणून देठाजवळ एक फट ठेवली आणि सुताचीच फासबंद गाठ. भरायला कापसाऐवजी विणताना उरलेले सुताचे तुकडे, विरलेल्या साडीच्या चिंध्या. धुताना पोट रिकामं करायचं. साल दोरीवर, चिंध्या दुसऱ्या दोरीवर. आता टोमॅटो दीड दिवसात वाळतो. जरा जडही लागतो, हातात खऱ्यासारखा वाटतो.

५ ऑगस्ट

मटारच्या शेंगेवर पाच रात्री गेल्या. उघडझाप होणारी शेंग, आत पाच दाणे. झाली तेव्हा फार सुंदर दिसली. पण आमच्याकडं मोठ्या भावंडांबरोबर वर्ष-दीड वर्षाची बाळंही येऊन बसतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी मोजमाप असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. म्हणजे सव्वा इंच. मी पुठ्ठ्याची तशी नळी करून ठेवली आहे. दाणा तिच्यात टपकन गेला.

पाचही दाणे उसवले. आता पाच दाण्यांची एकच माळ विणून ती शेंगेच्या पाठीला दोन्ही टोकांनी शिवली आहे. ओढली तर हलते, निघत नाही. मणी, बटणं, टिकल्या कशालाच लावत नाही. कारल्याचे काटेसुद्धा सुताच्या गाठींचेच.

१२ ऑगस्ट

शेजारणीनं विचारलं, विकत का नाही? भाकरी-पिठल्याचं ताट तिला फार आवडलं. तिला सांगितलं, १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकलेच्या विकास आयुक्तांकडं नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. विकायचंच ठरलं तर आधी ती नोंदणी. सध्या मला छत्तीस कारली-दोडकी अजून विणायची आहेत.

पण तिच्या मुलीला सुई धरायला शिकवते आहे. साखळीपर्यंत आली.

३ सप्टेंबर

पोषण महिना. खऱ्या भाज्यांच्या शेजारी विणलेल्या भाज्या मांडल्या. गुरुवारी बाजारात बसणाऱ्या बाईची लेक टोपली घेऊन एका पायाची मांडी घालून बसली. डाव्या पायाचा गुडघा वर, त्यावर हात, हुबेहूब आईसारखी. “दहाला दोन, दहाला दोन! वैनी, कवळी हायती बघा!” गिऱ्हाइकानं दोडका उचलला तर म्हणाली, नख लावू नका. नख लावून भाजी कोवळी आहे का बघतात हे प्लास्टिकच्या ब्रोकोलीनं तिला कधीच सुचवलं नसतं. कांदा चिरणाऱ्यानं डोळे पुसले, मग थांबून म्हणाला, “बाई, ह्यो कांदा डोळ्याला लागतच न्हाई.”

एक खरं ते लिहिते. विणलेलं कारलं सगळ्यांचं लाडकं आहे, ताटातलं कारलं अजून परत येतं. दोडक्याची चटणी मात्र आज तिघांनी मागून घेतली. त्याचं श्रेय मावशींच्या हातातल्या तिळाला असावं.

२० सप्टेंबर

काठी काढली, खड्डा उकरला. मुलं भोवतीनं उकिडवी.

गुलाबी चौकोन आधी वर आला. माती झटकली, तांब्याभर पाणी ओतलं. टाका न् टाका जसाच्या तसा, रंगसुद्धा. सुताचा चौकोन हाताला लागेना. बोटांनी माती चाळत गेले तेव्हा काळपट दोन-तीन धागे मिळाले आणि सुरुवातीची घट्ट गाठ. चिमटीत धरली तर तीही पिठासारखी सुटली. एक गांडूळ त्या जागेवरून सावकाश आत गेलं.

पहिला दोडका ताणून ताणून दोन ठिकाणी फाटला आहे, रफूच्या पलीकडं. मुलांना विचारलं काय करायचं. त्यांनी तो त्याच खड्ड्यात ठेवला, वर माती लोटली, आणि कुणीतरी लिंबू पिळतात तसं मूठभर पाणी पिळलं. गुलाबी चौकोन मी धुऊन कपाटात ठेवला आहे, पालकसभेत दाखवायला.

रात्री नव्या दोडक्यासाठी सूत हिरड्यात भिजत घातलं. या खेपेला मावशींनी आठ पदर स्वतः जुळवून दिलेत.