धातूच्या सावलीतला बोरॉन

जुलैतली गोष्ट. विद्यापीठ चौकातल्या कोंडीतून भिजत प्रयोगशाळेत पोचले, तर माझी विद्यार्थिनी आलेख घेऊन दारातच उभी. "मॅडम, फिट बघा!" स्फटिकावरून विखुरलेल्या क्ष-किरणांचा मोजलेला आलेख आणि अणूंच्या जागा धरून गणिताने काढलेला आलेख अगदी एकमेकांवर बसले होते, खालची फरकाची रेघ जवळजवळ सपाट. मी तिचं कौतुक केलं आणि सवयीने अणूंमधल्या बंधांच्या लांब्या विचारल्या.

या पदार्थात सहा-सहा बोरॉन अणूंची अष्टफलकं असतात. शेजारच्या दोन अष्टफलकांना जोडणाऱ्या बोरॉन-बोरॉन बंधाची लांबी १.४१ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम)! हा बंध १.६६ च्या आसपास असायला हवा.

तिचा विषय थोरियम हेक्साबोराइड, म्हणजे एका थोरियममागे सहा बोरॉन. थोरियम आमच्याकडे हाताळता येत नाही, म्हणून सराव लँथॅनम हेक्साबोराइडवर. रचना तीच: घनाच्या कोपऱ्यांवर धातू, मधोमध सहा बोरॉनचं अष्टफलक. या रचनेत बोरॉनच्या जागेचा एकच आकडा मोकळा, म्हणजे मोजून ठरवायचा असतो; तो घनाच्या बाजूच्या अंशात सांगतात. तो ०.२ च्या किंचित खाली हवा, तिचा ०.१७ आला होता.

क्ष-किरण विखुरतात इलेक्ट्रॉनांवरून. लँथॅनमकडे ते ५७, बोरॉनकडे ५. तीव्रता वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणजे एकेका अणूपुरता सव्वाशे पटींहून जास्त फरक. थोरियमकडे ९०, युरेनियमकडे ९२. तिथे हा फरक तीनशे पटींच्या पुढे जातो. बोरॉन थोडा सरकला तरी आलेखाला त्याचा पत्ताही लागत नाही. तिने घाईचा, विखुरण्याच्या ८० अंशांच्या कोनापर्यंतचाच रन घेतला होता आणि बोरॉनची जागा व कंपन दोन्ही एकदम मोकळी सोडली होती. मोजणीतल्या साऱ्या चुका बिचाऱ्या बोरॉनच्या माथी आल्या.

मला मात्र या पदार्थात बोरॉनच महत्त्वाचा वाटतो. त्याच्या जाळ्याला प्रत्येक अष्टफलकामागे २० इलेक्ट्रॉन लागतात, स्वतःचे १८ असतात. उरलेले दोन धातूने द्यायचे. कॅल्शियमचे दोन तिथेच संपतात. लँथॅनमचा एक उरतो आणि पदार्थ वीज उत्तम वाहतो. थोरियमचे दोन उरतात. ज्या जाळ्यावर हा सगळा हिशेब उभा आहे, त्याची मापं अंदाजाने कशी चालतील?

संध्याकाळी १४० अंशांपर्यंतचा लांब रन लावला. पावसात वीज गेली तर यंत्र थंड ठेवणारा चिलर बंद पडेल, या काळजीने रात्री दोनदा फोन केला. वीज टिकली. सकाळी आकडा ०.१९८ आला, बंध १.६५.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, थोरियमच्या वेळी तर याहून कठीण."

"तिथे न्यूट्रॉन," मी म्हटलं. न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतात, त्यामुळे बोरॉन त्यांना थोरियमशेजारीही ठळक दिसतो. अडचण एकच: नैसर्गिक बोरॉन दोन वजनांच्या अणूंचा असतो, आणि त्यातला सुमारे २० टक्के हलका बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळून टाकतो. नमुना जड बोरॉन-११ चाच बनवावा लागेल.

दुपारी ती मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) 'ध्रुव' अणुभट्टीवर, जिथे असे न्यूट्रॉन मिळतात, वेळ मागणारा अर्ज लिहायला बसली. पहिल्याच ओळीत तिने बोरॉन-११ लिहिलं होतं.