टेकडीपत्राचं स्थलांतर: यादी आली, पत अजून वाटेत

मागच्या नोंदीत नवी सेवा ठरली होती. काम आता अर्ध्याच्या पुढे गेलंय, म्हणून ही नोंद. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: पुण्याच्या वेताळ टेकडीवरची झाडं, पक्षी आणि एकूण हालहवाल सांगणारं एक मराठी पत्र मी महिन्यातून एकदा ईमेलने पाठवतो. वाचक हजाराच्या आतबाहेर. आजवर हे काम एका परदेशी सेवेकडे होतं. तिने फुकटची मर्यादा आवळत आणली. त्याचं एक वेळ चाललं असतं, पण मराठी विषयाच्या ओळीत मधूनच चौकोन उमटायचे आणि तिथल्या मदतकक्षाला त्यात काही बिघडलंय असंच वाटत नव्हतं.

दुसऱ्या तशाच सेवेकडे जायला मन होईना. अशा सेवांचा भरवसा नाही: फीडबर्नरची ईमेल सोय २०२१ मध्ये गेली, रेव्ह्यू २०२३ च्या जानेवारीत बंद पडलं, टायनीलेटर २०२४ च्या फेब्रुवारीत. म्हणून या वेळी तीन गोष्टी वेगळ्या केल्या: डोमेन माझं, वाचकांची यादी माझ्या सर्व्हरवर, आणि पोचवण्याचं काम तेवढं भाड्याने. यादी आणि पत्राची जुळवाजुळव लिस्टमंक करतं. हे झिरोधाच्या कैलाश नाध यांनी लिहिलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. गो या प्रोग्रामिंग भाषेतलं, माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवणारं, छोट्या सर्व्हरवरही आरामात चालणारं. पोचवायला अमेझॉनची एसईएस ही मेल पाठवणारी सेवा, मुंबई विभाग. हजार पत्रांना दहा सेंट, म्हणजे अख्खा अंक एका कटिंगच्या भावात जातो.

सगळं घरच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरून का नाही, असं दोघातिघांनी विचारलं. घरगुती ब्रॉडबँडचे आयपी पत्ते स्पॅमहाऊस या स्पॅमविरोधी संस्थेच्या धोरणयादीत (थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या यादीत) असतात. तिथून थेट निघालेली मेल बहुतेक ठिकाणी दारातूनच परत येते. शिवाय पुण्यात गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार असतो, हे वेगळं सांगायला नको.

यादी हलवताना सगळ्यांत आधी हलवायचे ते पत्र नको म्हणून गेलेले लोक. उत्साहात आपण चालू वाचकांची फाइल उतरवतो आणि सोडून गेलेल्यांची तिकडेच राहते. पुढे कधीतरी जुनी वही सापडते, त्यातले पत्ते भरले जातात आणि ज्याने दोनदा नको म्हटलंय त्याला तिसऱ्यांदा पत्र जातं. लिस्टमंकमध्ये फाइल आत घेताना ‘ब्लॉकलिस्ट’ हा पर्याय आहे. तो आधी, बाकी सगळं नंतर.

यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) एक्सेलमध्ये थेट दुहेरी क्लिक करून उघडू नका. सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी खूण) नसेल तर एक्सेल तिला यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवण्याची पद्धत) म्हणून ओळखेलच असं नाही आणि सगळ्या मराठी नावांची रांगोळी होते. तशीच सेव्ह केलीत तर ती रांगोळी कायमची. लिबरऑफिस उघडतानाच एन्कोडिंग विचारतं, मला तेच बरं वाटतं.

जुने पत्ते हा हळवा विषय. आमच्या यादीत रेडिफमेल आहेत, आणि पुण्याच्या जुन्या मंडळींचे व्हीएसएनएलचेही निघाले. हे व्हीएसएनएलचे मी काढून टाकले. एसईएस परत आलेल्या मेलवर बारीक नजर ठेवतं: प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खातं तपासणीला, १० टक्क्यांवर पाठवणंच थांबू शकतं. शिवाय सोडून दिलेले पत्ते पुढे स्पॅम पकडायचे सापळे म्हणूनही वापरले जातात. मेलेल्या पत्त्यावर जीव टाकायचा नाही. टेकडीवरच्या फेऱ्यांत कागदावर पत्ता लिहून दिलेल्यांना मात्र ‘पत्र हवं आहे ना?’ असं नव्याने विचारतोय, कारण त्यांच्या होकाराची नोंद कुठेच नाही. बाकी सगळ्यांना परत विचारायची गरज मला वाटत नाही. ज्याने एकदा दुवा दाबून होकार दिलाय, त्याला पुन्हा दार वाजवायला लावणं हा उगाच शिष्टपणा.

आता चौकोनांकडे. या स्थलांतरात मला सगळ्यांत जास्त मजा इथे आली.

ईमेलच्या विषयात देवनागरी सहसा जशीच्या तशी जात नाही. आरएफसी २०४७ या ईमेलच्या नियमानुसार ती सांकेतिक तुकड्यांत बांधली जाते आणि एका तुकड्यात ७५ च्या वर चिन्हं चालत नाहीत. वेष्टनाची १२ वजा केली की ६३ उरतात. बेस-६४ (बाइट साध्या इंग्रजी चिन्हांत लिहिण्याची पद्धत) तीन बाइटांची चार चिन्हं करतं, म्हणून त्याला ६० वापरता येतात, म्हणजे मूळ मजकुराचे ४५ बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ४५ म्हणजे बरोबर १५ चिन्हं, हिशेब चोख. पण स्पेस एकच बाइटची! ती मध्ये आली की पंचेचाळिसावा बाइट कुठल्यातरी अक्षराच्या पोटात पडतो. नियम सांगतो की अक्षर मधून तोडायचं नाही, पण जुन्या सेवेची करवत डोळे मिटून चालत होती.

‘पांगारा फुलला टेकडीवर’ हा विषय घ्या. ‘पांगारा’ २१ बाइट, स्पेस धरून २२. ‘फुलला’ १५, झाले ३७, स्पेस ३८. ‘टे’ ६, म्हणजे ४४. पुढच्या ‘क’चा पहिला बाइट या तुकड्यात, उरलेले दोन पुढच्यात. वाचकाला ‘टे’ दिसतो, मग चौकोन, मग ‘डीवर’. उलट ‘या वर्षी किती मोर दिसले?’ मोजून पाहा. ‘मोर’पर्यंत तीन स्पेस आणि बरोब्बर ४५ बाइट. तुकडा शब्दाच्या शेवटी पडतो आणि सगळं स्वच्छ दिसतं. पहिल्या ४५ बाइटांत स्पेसची संख्या तीनच्या पटीत असेल तर विषय धड, नाहीतर फुटलेला. काही अंक नीट जायचे, काही नाही, आणि वाचक म्हणायचे तुमचा फाँट बघा. फाँटचा काही संबंध नव्हता. काही ॲप सगळे तुकडे आधी जोडून मग वाचतात, त्यामुळे त्यांच्यात दोष झाकला जातो आणि चाचणी फसवी होते. गो भाषेसोबत येणारा तयार कोड (स्टँडर्ड लायब्ररी) तुकडा अक्षराच्या सीमेवरच पाडतं, त्यामुळे नव्या घरात हा प्रश्न उरला नाही. इतर सेवा तपासणाऱ्यांनी पांगाऱ्याचा विषय पाठवून बघावा.

मजकुराचं वजनही बघा. जीमेल सुमारे १०२ केबीच्या पुढचं पत्र कापतं आणि ‘पूर्ण पाहा’ असा दुवा दाखवतं. दीड हजार मराठी शब्द तीन-तीन बाइट धरूनही त्याच्या बरेच आत बसतात. वजन वाढतं ते साच्याने. जुन्या साच्यात प्रत्येक परिच्छेदाला शैलीचं शेपूट होतं. आणि कापलं जातं ते तळाचं, म्हणजे नेमका ‘सदस्यता सोडा’ हा दुवा. तो दिसला नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. नवा साचा साध्या परिच्छेदांचा आहे, फोटो दुव्याने येतात.

डीएनएसचं, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींचं काम कंटाळवाणं, पण सरळ. डीकेआयएमसाठी (मेलवरची डिजिटल सही) एसईएस तीन सीनेम नोंदी (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या) देतं. जुन्या सेवेच्या नोंदींचं नाव वेगळं असल्याने दोन्ही एकाच वेळी नांदतात. शेवटचा अंक तिकडून जाईपर्यंत जुनी काढू नका. एसपीएफमध्ये (डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं ती नोंद) दहाच्या वर डीएनएस शोध लागले की नोंद बाद ठरते, तेव्हा तिच्यातले जुन्या सेवेचे समावेश नंतर आठवणीने पुसा. पत्र आता डोमेनच्या वेगळ्या उपनावावरून (सबडोमेन) जातं, म्हणजे पत्राला काही झालं तरी घरच्या मेलला झळ नको. डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सध्या ‘नन’वर, म्हणजे कारवाई काही नाही, नुसते अहवाल बघतोय. एका क्लिकमध्ये सदस्यता सोडण्याची सोयही चालू केली. गुगल आणि याहूने २०२४ मध्ये घातलेली ती सक्ती मोठ्या पाठवणाऱ्यांवर आहे (गुगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० मेल) आणि आपण त्या गावचे नाही, पण वाचकाला जाणं सोपं असावं.

आणि पत, म्हणजे पाठवणाऱ्यावरचा मेल-सेवांचा विश्वास. ती सीएसव्हीत येत नाही. नवं उपनाव मेल-सेवांच्या लेखी अनोळखीच असतं. म्हणून पहिल्यांदा जे उत्तरं पाठवतात त्या वाचकांना नव्या वाटेने अंक गेला, मग हळूहळू बाकीचे. कोण नियमित वाचतं हे मी उघडल्याच्या आकड्यांवरून ठरवलं नाही. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून चित्रं आपोआप आधीच उतरवून घेण्याची सोय आहे, त्यामुळे त्या आकड्यांना फारसा अर्थ नाही. लिस्टमंकमध्ये व्यक्तिगत मागोवा बंदच ठेवलाय. कोथरूडच्या एका काकूंनी लिहिलं की पत्र जीमेलच्या ‘प्रमोशन्स’ या जाहिरातींच्या कप्प्यात पडलं, बाकी तक्रार नाही.

पुढचा अंक काटेसावरीचा. तो सगळ्यांना नव्या वाटेने जाईल. अहवाल स्वच्छ आले की डीमार्क ‘क्वारंटाइन’वर (नापास मेल स्पॅममध्ये टाका) नेणार आणि जुनं खातं बंद करणार. बंद करण्याआधी तिकडची जुन्या अंकांची प्रत उतरवायची आहे. त्यांची निर्यात फक्त एचटीएमएलमध्ये मिळते आणि चित्रं त्यांच्याच सर्व्हरवर राहतात. ती सगळी एकदम उतरवून दुवे बदलणारी स्क्रिप्ट कुणाकडे असेल तर कळवा.