गरोदरपणातील रक्तदाब आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्या
आज ओपीडीत आठव्या महिन्यातील एक ताई आल्या. रक्तदाब १६४/११२ होता आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजला तरी उतरला नव्हता. त्यांनी पिशवीतून काढलेल्या लॅबेटॅलॉल या रक्तदाबाच्या औषधाच्या पाकिटातील दोनच गोळ्या संपल्या होत्या, कारण “बाळाला बाधेल” या भीतीने त्यांनी त्या बंद केल्या होत्या. १६०/११० च्या पुढे टिकलेला दाब तासाभराच्या आत खाली आणावा लागतो, नाहीतर आईच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून त्यांना लगेच निफेडिपिन देऊन दाखल करून घेतले, आणि संध्याकाळी दाब १४६/९४ वर आला.

त्यांची भीती अगदीच निराधार नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनॅलाप्रिल ही रक्तदाबाची एरवी उत्तम औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करतात, त्यामुळे मूल हवे असे ठरवतानाच ती डॉक्टरांकडून बदलून घ्यावीत. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा यांची गोष्ट वेगळी आहे, ती गरोदरपणात सुरक्षित मानली जातात. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत याच तिन्ही गोळ्यांची तुलना झाली, २०१९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि तिन्हींनी बहुतेक स्त्रियांचा दाब सहा तासांत आटोक्यात आणल्याचे दिसले. हा अभ्यास आपल्याकडे झाला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

दमा असल्यास मात्र डॉक्टरांना आधी सांगावे, कारण तेव्हा लॅबेटॅलॉल टाळतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही दाब पुन्हा चढू शकतो, त्यामुळे घरी गेल्यावर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.