पेडर्नलसमोर एक दिवस

आज घोस्ट रँचला जाऊन आले. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातले हे लाल, पिवळे, जांभळट कडे अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफच्या चित्रांतून ओळखीचे होते, पण प्रत्यक्षात ते रंग बघून बोलणंच सुचेना. १९२९च्या उन्हाळ्यात ती इकडे आली आणि पुढे इथलीच झाली. समोरचा सपाट माथ्याचा पेडर्नल डोंगर तिने पुन्हा पुन्हा रंगवला. १९८६मध्ये, ९८व्या वर्षी ती गेली, तेव्हा तिची रक्षाही त्याच डोंगरावर विखुरली.

तिचं सर्वांत महाग विकलं गेलेलं फूल कोणतं, माहितीये? पांढरा धोतरा! आपण शंकराला वाहतो त्याच जातकुळीतला. १९३२चं ते चित्र २०१४मध्ये ४ कोटी ४४ लाख डॉलरला गेलं. किमतीपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की रस्त्याकडेच्या विषारी झाडाचं फूल तिने कॅनव्हासभर मोठं केलं आणि लोकांना थांबून बघायला लावलं.

तिच्या अशा फुलांच्या चित्रांत स्त्रीदेहच शोधणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. तिने तो अर्थ आयुष्यभर नाकारला. तिचं ऐका ना!

सांता फेला येणार असाल तर तिचं संग्रहालय बघाच, पण तिथूनच परत फिरू नका. इथपर्यंत या.